पथ्य ताटाचं, पथ्य वेळेचं

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आज मी एका लहानशा विषयावर बोलणार आहे. पित्ताशय काढून टाकल्यावर, म्हणजे आपण ज्याला पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन म्हणतो ते झाल्यावर, बाईने खायचं काय आणि कसं? आपल्या शिबिरांमधून पाळी, बाळंतपण, अंगावरून जाणं, रक्त कमी असणं यावर आपण नेहमी बोलतो. पित्ताशयाचं नाव निघत नाही. पण वस्त्यांमध्ये फिरताना एखादी बाई बैठक संपल्यावर मागे थांबते, पोटावरच्या चार बारीक खुणा दाखवते आणि विचारते, "ताई, आता मी खाऊ तरी काय?" प्रश्न साधा आहे. पण त्याचं उत्तर शोधायला गेलं की आपण तिच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचतो. तिथे कोण आधी जेवतं आणि कोण शेवटी, हा आपला जुनाच प्रश्न पुन्हा पुढे उभा राहतो.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू या. आपल्याकडे बायका सहज म्हणतात, "माझी पिशवी काढली." ऐकणारा गर्भाची पिशवी समजतो. माझ्या ओळखीच्या एका तरुण बाईच्या सासरी "हिची पिशवी काढली" एवढाच निरोप गेला आणि आठ दिवसांत नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची कुजबूज सुरू झाली. काढली होती पित्ताची पिशवी! कागद वाचून दाखवला तेव्हा कुठे घरातले गप्प झाले. ही नुसती गंमत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली सगळ्या महाराष्ट्रासमोर आला, तेव्हा आपल्या शरीरातून काय काढलं जातंय आणि का, हे बाईला नीट कळणं किती महत्त्वाचं आहे ते आपण पाहिलं. म्हणून पहिली सूचना हीच. घरी सोडताना मिळालेला कागद जपून ठेवा, आणि त्यावर कोणत्या अवयवाचं नाव लिहिलंय ते कोणाकडून तरी वाचून घ्या.

दुसरा घोळ 'पित्त' या शब्दाचा. छातीत जळजळलं, आंबट पाणी आलं, डोकं धरलं की आपण म्हणतो, पित्त झालं. तो जठरातल्या आम्लाचा त्रास. पित्ताशयातलं पित्त वेगळं. ते यकृतात तयार होतं आणि तेल-तूप पचवायच्या कामी येतं. या एका शब्दामुळे कितीतरी बायका वर्षानुवर्षं सोडा पीत राहतात, आमसुलाचं सार पीत राहतात. उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात मधोमध जोराची कळ येते, ती पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाते, तास-दोन तास टिकते, आणि बऱ्याचदा जड जेवणानंतर किंवा रात्री येते. अशी कळ पुन्हा पुन्हा आली तर 'पित्त झालंय' म्हणून सोडून देऊ नका. पोटाची सोनोग्राफी करून घ्या.

तिसरा घोळ खड्याचा. मूतखडा वेगळा आणि पित्ताचा खडा वेगळा. मूतखड्याला सांगितलेलं पथ्य, म्हणजे टोमॅटो नको, पालक नको, पाणी भरपूर प्या, हे पित्ताच्या खड्याला लागू करून बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पाणी प्यायल्याने पित्ताशयातले खडे वाहून जात नाहीत. टोमॅटोने ते होतही नाहीत.

आता हे पित्ताशय करतं काय? आपल्या वस्तीतल्या नळाचं उदाहरण घेऊ. नळाला दिवसभर बारीक धार असते. ते पाणी आपण पिंपात साठवतो आणि धुणं-भांडी काढली की एकदम वापरतो. यकृत म्हणजे तो नळ. त्यातून दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त झिरपतं. पित्ताशय म्हणजे ते पिंप, पण अगदी छोटं, साधारण 30 ते 50 मिलिलिटरचं. त्यात पित्त साठतं आणि आटून घट्ट होतं. आपण तेलातुपाचं काही खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि पित्त आतड्यात सोडतं. आता पिंपच काढून टाकलं तर काय होईल? नळ बंद पडत नाही. धार चालूच राहते, फक्त साठा राहत नाही. थोडी थोडी भांडी घासायला ती धार पुरते. लग्नघरातली भांडी एकदम पुढ्यात टाकली तर पुरत नाही. ऑपरेशननंतरच्या आहाराचं सगळं शास्त्र याच्यात आलं. थोडं खा, वेळेवर खा, आणि एका वेळी तेलाचा मारा करू नका.

पित्ताशयावाचून माणूस नीट जगतं. ते काढण्याची पहिली शस्त्रक्रिया बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी 1882 साली केली. दुर्बिणीतून, पोटावर लहान छेद देऊन ती करण्याची पद्धत युरोपात 1985 नंतर रुजली. आपल्याकडे 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्तन उडवाडिया यांनी ती सुरू केली. बायका नेहमी विचारतात, "नुसते खडे काढून पिशवी ठेवत का नाहीत?" कारण पिशवी ठेवली तर तिच्यात पुन्हा खडे होण्याची भीती राहते. मात्र दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले आणि त्यांचा काहीच त्रास नसला, तर बहुतेक वेळा लगेच ऑपरेशनची गरज नसते. तिथे "नाही केलं तर काय होईल?" हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. आपला तो हक्क आहे.

हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना तो लक्षात ठेवायला एफ अक्षराचे शब्द शिकवत आले आहेत: फॅट, फीमेल, फॉर्टी, फर्टाइल. म्हणजे जाड, बाई, चाळिशीची, लेकुरवाळी. ऐकताना टिंगल वाटावी असे हे शब्द. त्यामागे शास्त्र आहे, ते असं की बाईच्या शरीरातल्या संप्रेरकांमुळे पित्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं, आणि गरोदरपणात पित्ताशय सुस्त होऊन नीट रिकामं होत नाही. पण या चार शब्दांमुळे बारीक अंगाच्या, पंचविशीतल्या मुलीची कळ मनावर घेतली जात नाही, हेही खरं. आणि एक कारण या शब्दांत नाहीच. फार वेळ उपाशी राहिलं तरी पित्त पिशवीत साचून राहतं आणि खडे व्हायला वाव मिळतो. उपाशी राहायची सवय कोणाला जास्त आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता दोन बायकांची गोष्ट सांगते. दोघींचं ऑपरेशन एकाच महिन्यात झालं. पहिली धुणीभांडी करणारी. घरी सोडताना तिला घाईत एक वाक्य सांगितलं गेलं, "तेलकट-तिखट बंद." किती दिवस बंद, ते सांगितलं नाही. तिने विचारलं नाही. तिने ते वाक्य देवाच्या नवसासारखं पाळलं. पाच महिने पेज, मीठ-भात आणि कोरडी भाकरी. डाळीला फोडणी असते म्हणून डाळ सोडली. अंडं सोडलं, दूध सोडलं. वजन उतरलं, जिना चढताना धाप लागायला लागली, तपासलं तर रक्त फार कमी. घरात कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. "तिला पथ्य आहे" म्हणायचे.

दुसरी एकत्र कुटुंबातली मोठी सून. तिच्या घरी म्हणाले, "तुझ्या एकटीसाठी वेगळं कोण करणार?" करणारी तीच होती, पण तरी विचारणार कोण? पहाटे पाचला कोरा चहा, मग सगळ्यांचे डबे, धुणं, म्हाताऱ्यांचं जेवण. स्वतःचं ताट दुपारी तीनला, त्यातही आदल्या रात्रीचा उरलेला, वर तेलाचा तवंग आलेला रस्सा, कारण टाकवत नाही. भुकेपोटी एकदम तीन भाकऱ्या. तासाभरात पोट फुगायचं आणि संडासला पळापळ. तिला वाटलं, ऑपरेशन बिघडलं.

ऑपरेशन दोघींचंही चांगलं झालं होतं. एक पथ्याच्या नावाखाली उपाशी राहिली आणि दुसरीला पथ्य मिळालंच नाही. दोघींच्या जवळ दहा मिनिटं बसून कोणी बोललं असतं तर दोघींचेही हाल टळले असते. ती दहा मिनिटं आपल्याला द्यायची आहेत. काय सांगायचं ते आता नीट पाहू.

पहिले एक-दोन दिवस डॉक्टर सांगतील तसं पाणी, पेज, वरणाचं पाणी, नारळपाणी. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बहुतेकींना लवकरच मऊ जेवण सुरू करता येतं. खांदा दुखला तर घाबरू नये. पोटात भरलेल्या हवेमुळे तो दोन-तीन दिवस दुखतो.

पुढचे दोन ते चार आठवडे हलकं खावं. मुगाच्या डाळीची खिचडी, वरण-भात, ज्वारीची मऊ भाकरी, नाचणीची आंबील, दुधी, पडवळ, दोडका, लाल भोपळा, साय काढलेलं दूध सोसेल तेवढं, ताजं ताक. फोडणी बंद करायची गरज नाही. चमचाभर तेलात घरादाराची डाळ फोडणीला घातली तर माणशी थेंबभरच तेल येतं. खाणाऱ्यांनी अंड्याचा पांढरा भाग, उकडलेली किंवा कमी तेलातली कोंबडी, साधी मासळी खावी. जखम भरायला प्रथिनं लागतात. डाळ, अंडं, मासळी हे चैनीचं खाणं नव्हे, ते औषधासारखं समजा. भजी, वडा, मिसळीचा कट, मटणाचा तवंग, सुक्या खोबऱ्याचं दाट वाटण, फरसाण, साय आणि मूठभर शेंगदाणे या दिवसांत बाजूला ठेवा. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं.

त्यानंतर एकेक पदार्थ परत आणा. एका वेळी एकच, थोडासा, आणि पुढचे दोन-तीन दिवस पोट काय म्हणतं ते बघा. आपण कॅलेंडरवर दुधाचा आणि गॅसचा हिशोब लिहितो. त्याच चौकोनात लिहा, "शेंगदाण्याची चटणी – ठीक", "वडा – पोट बिघडलं". लिहिता येत नसेल तर फुली आणि टिकली काढा. महिनाभरात तुमच्या पोटाला काय सोसतं ते तुम्हाला डॉक्टरांपेक्षा जास्त कळेल. कोंडा, मोड आलेली कडधान्यं, पालेभाजी, पेरू हे सगळं चांगलंच, पण हळूहळू वाढवा. एकदम वाढवलं तर गॅस होतो. रिकाम्या पोटी कडक चहा घेतल्याने पोट सुटत असेल तर आधी अर्धी भाकरी किंवा केळं खा आणि मग चहा घ्या.

तेल अजिबात बंद करू नका. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं अंगी लागायला थोडी चरबी लागतेच. माणशी दिवसाला चार चहाचे चमचे तेल हा चांगला अंदाज आहे, म्हणजे महिन्याला माणशी साधारण अर्धा-पाऊण लिटर. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर ते पथ्य आता सगळ्या घराने पाळायचं आहे! त्यात तुमच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

आणि हे जन्मभराचं पथ्य नाही. बहुतेक बायका काही आठवड्यांत किंवा थोड्या महिन्यांत नेहमीचं जेवण जेवायला लागतात. काहींना पातळ संडासचा त्रास लांबतो, कारण पित्त सतत आतड्यात उतरत राहतं. त्यावर औषध मिळतं. ते मागायला लाजू नका, आणि त्यासाठी खाणं तोडत बसू नका.

आता उपासाबद्दल. मी कोणाच्या श्रद्धेवर बोट ठेवत नाही. पण संकष्टीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. दिवसभर रिकामं पोट, मध्ये साबुदाण्याची खिचडी, तिच्यात दाण्याचं कूट आणि तूप. रात्री चंद्रोदयानंतर नऊ-दहाला भरपेट जेवण. ज्या पोटाला थोडं आणि वेळेवर हवं, त्याला या एका दिवसात लांब उपाशी राहणं आणि एकदम जड खाणं, दोन्ही सोसावं लागतं. निदान पहिले काही महिने उपास थांबवा. थांबवायचा नसेल तर दर तीन तासांनी फळ, ताक, वरीचा भात, राजगिऱ्याची लाही असं थोडं थोडं घ्या. आजारी माणसाला उपासाची सक्ती नाही, हे सासूबाईंनाही ठाऊक असतं. त्यांना ते प्रेमाने आठवण करून द्यावं.

आता सगळ्यात अवघड पथ्य, वेळेचं. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खायचं, हे कागदावर सोपं दिसतं. सगळ्यांचं झाल्यावर जेवणाऱ्या बाईने ते पाळायचं कसं? दुसऱ्या गोष्टीतल्या सुनेच्या घरी आम्ही गटातल्या दोघीजणी गेलो. सासूबाईंना आणि तिच्या यजमानांना समोर बसवलं. भाषण केलं नाही. पिंपाचं उदाहरण सांगितलं, आणि एवढंच मागितलं की हिने सकाळी आठला खायचं, बाराला सगळ्यांबरोबर ताट वाढून घ्यायचं, चारला काहीतरी आणि रात्री आठला जेवायचं. सासूबाई आधी म्हणाल्या, "आम्ही नाही का शेवटी जेवलो जन्मभर?" थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मलाही पोटाचा त्रास आहेच. कोणाला सांगितलं नाही." त्या दिवसापासून दोघी बाराला एकत्र बसायला लागल्या. सुनेचं पोट तीन आठवड्यांत बरंच ताळ्यावर आलं. घर काही बदललं नाही म्हणा. डबे अजून तीच करते. पण ताट वेळेवर वाढलं जातं.

कामाचंही सांगायला हवं. भरलेला पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलोचं ओझं. दुर्बिणीचं ऑपरेशन झालं तरी निदान दोन-चार आठवडे ते नको. पोट उघडून केलं असेल तर सहा आठवडे किंवा डॉक्टर सांगतील तितके दिवस नको. खुणा लहान दिसतात म्हणून घरच्यांना वाटतं, काहीच झालं नाही. आतली जखम दिसत नाही, म्हणून ती सांगावी लागते. चालणं-फिरणं मात्र लगेच हवं.

आणि ही लक्षणं दिसली तर पथ्य बघत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा: थंडी वाजून ताप, डोळे किंवा लघवी पिवळीधमक, पांढुरका संडास, वाढत जाणारी पोटदुखी, न थांबणाऱ्या उलट्या, जखमेतून पू. क्वचित एखादा खडा नळीत राहिलेला असतो, तो वेळीच काढावा लागतो.

शेवटी, आपण गट म्हणून काय करू शकतो? तीन गोष्टी. एक, ऑपरेशन झालेल्या बाईला घरी सोडतात त्या दिवशी आपल्यापैकी एकीने तिथे हजर राहायचं आणि चार प्रश्न विचारायचे: नेमकं काय काढलं? काय खायचं? किती दिवस? परत कधी दाखवायचं? दोन, त्याची उत्तरं घरातल्या सगळ्यांसमोर वाचून दाखवायची, तिच्या एकटीच्या कानात नाही. तीन, पहिले पंधरा दिवस तिचं पाणी भरायची पाळी गटात वाटून घ्यायची.

पहिल्या गोष्टीतली बाई आता डाळ खाते, अंडं खाते, लोहाच्या गोळ्या घेते. मागच्या बैठकीत ती म्हणाली, "ताई, मला वाटलं पथ्य म्हणजे सोडायचं. घ्यायचं पण असतं, हे कोणी बोललंच नाही." उद्या कोणी तुम्हाला पोटावरच्या खुणा दाखवून विचारलं तर तिला काय सोडायचं ते सांगाच. पण आधी काय घ्यायचं, किती वाजता घ्यायचं आणि कोणाच्या बरोबरीने बसून घ्यायचं, ते सांगा.